हँड्सफ्री लावून गाडी चालवताना लक्ष नेमकं कुठे असतं?

शिवथर:
नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण म्हणजे आमचे साडू. फिरतीची नोकरी, दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर आणि परत, स्वतः गाडी चालवत. कात्रज ओलांडलं की फोन सुरू, तो कोल्हापूर येईपर्यंत. आधी डीलर, मग ऑफिस, मग परत डीलर. परवा घरच्या कार्यात विषय निघाला आणि मी म्हटलं की हे धोक्याचं आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं की हात स्टिअरिंगवर आहेत, डोळे रस्त्यावर आहेत, मग बिघडलं कुठे? रेडिओ ऐकतोच ना आपण? शेजारी बायको बसली की तिच्याशी बोलतोच ना? मग तेच फोनवर बोललं तर काय वेगळं झालं? शिवाय २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत जे आहे ते हातात धरायच्या उपकरणाबद्दल आहे, हेही लगेच ऐकवलं.

माझं मत असं की डोळे उघडे असणं आणि लक्ष असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण बायकोच्या मुद्द्यावर मला काही उत्तर सुचलं नाही, सगळे हसले आणि जेवणं वाढायला घेतली. तर ज्यांना ह्यातलं कळतं त्यांनी लिहा, अनुभव असतील तर तेही लिहा.

तिरकस:
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शिवथर, साडूंना धाग्याची लिंक तेवढी पाठवू नका, गाडी चालवताना वाचतील.

कडूनिंब:
मानसशास्त्र शिकवते म्हणून लिहायचा मोह होतोय. ह्या विषयावर बरंच काम झालंय. अमेरिकेत युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक साधा प्रयोग केला. पडद्यावरच्या हलत्या खुणेचा माग काढायचा, गाडी चालवल्यासारखा, आणि मधेच लाल दिवा आला की ब्रेक दाबायचा. फोनवर बोलणाऱ्यांचे लाल दिवे साधारण दुपटीने चुकले. फोन हातात असो की हँड्सफ्री, फरक जवळपास शून्य. आणि साडूंच्या रेडिओच्या मुद्द्याचं उत्तरही त्यातच आहे, नुसतं रेडिओ ऐकणाऱ्यांच्या कामगिरीवर परिणाम दिसला नाही. ऐकणं सोडून देता येतं हो. रेडिओवाला "काय म्हणता मग?" विचारत नाही.

पुढे २००३ मध्ये त्यांनी नजर टिपणारं यंत्र लावलं. गाडी चालवताना लोकांनी रस्त्याकडेच्या जाहिरातींचे फलक बघितले का, आणि नंतर विचारलं तर ते ओळखता येतात का. फोनवर बोलणाऱ्यांची नजर फलकावर गेली होती हे यंत्र सांगतंय, पण नंतर ओळखायची वेळ आली तेव्हा त्यांना बरेच फलक आठवेनात. म्हणजे "डोळे रस्त्यावर आहेत" हे साडूंचं म्हणणं खरं आहे, पण त्यातून त्यांना जे सिद्ध करायचंय ते होत नाही.

रेवा_के:
ते माकडाचं पण असंच ना? बास्केटबॉलवालं. आम्हाला ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं. मला दिसलं नव्हतं आणि मी आमच्या ट्रेनरशी भांडले की तुम्ही दुसरा व्हिडिओ लावलात.

कडूनिंब:
रेवा, हो तेच. सायमन्स आणि शाब्री, १९९९. पांढऱ्या शर्टवाल्यांचे पास मोजायचे आणि मधून गोरिलाचा वेष घातलेली बाई निवांत चालत येते, छाती बडवते, जाते. नऊएक सेकंद पडद्यावर असते. साधारण निम्म्या लोकांना ती दिसत नाही. आणि भांडणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, हे नेहमीचं आहे. मला तर प्रयोगाचा तोच भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. जे दिसलं नाही त्याची जागा रिकामी दिसत नाही. चित्र पूर्णच वाटतं. त्यामुळे फोनवर बोलत कोल्हापूरला पोचलेल्या माणसाला विचारा, तो म्हणणार मला सगळं दिसत होतं, आणि प्रामाणिकपणे म्हणणार.

चहाटळ:
आमच्या ह्यांना मी बोललेलं ऐकू येत नाही पण स्वयंपाकघरात कोणी हळूच "भजी" म्हटलं की ऐकू येतं. ह्यावर कोणत्या विद्यापीठात काम झालंय?

कडूनिंब:
चहाटळ, हलके घ्या. पण झालंय! कॉलिन चेरी, १९५३. दोन कानांत दोन वेगवेगळे आवाज लावायचे आणि एकाच कानातलं मोठ्यानं म्हणत राहायचं. दुसऱ्या कानातलं काहीच सांगता येत नाही, बोलणारा पुरुष होता की बाई एवढंच कळतं. मग १९५९ मध्ये मोरे नावाच्या संशोधकानं त्या दुसऱ्या कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आलं. म्हणजे दार पूर्ण बंद नसतं, ओळखीचं आणि कामाचं काही असलं तर आत घुसतं. भज्यांवर प्रयोग झालेला नाही, ते तुम्ही करा.

निवृत्त_नाना:
मी एसटीत चालक होतो. आता सगळे शास्त्रज्ञ सांगतायत ते आमच्या गाडीत पाटीवर रंगवलेलं असायचं, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. संपला विषय. पण एक सांगतो, दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं. रातराणीला पहाटे तीन-चारला रस्ता सरळ, समोरून कोणी नाही, प्रवासी सगळे झोपलेले, तेव्हा कंडक्टरच पुढं येऊन इंजिनाच्या बॉनेटजवळ बसायचा आणि काहीबाही बोलत राहायचा. डेपोतल्या भानगडी, पोरीचं लग्न, काही पण. तो बोलला नसता तर आम्ही कुठं गेलो असतो सांगता येत नाही. तेव्हा बोलणं वाईटच असं सरसकट म्हणू नका.

तिरकस:
नानांना दंडवत. आता बोला शास्त्रज्ञ.

आणि हे सगळे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर, मोकळ्या रस्त्यावर किंवा टीव्हीसमोर बसवून. आपल्याकडे समोरून उलट्या बाजूनं ट्रॅक्टर येतो, मधे गाय, डावीकडून शाळेची पोरं. इथे माणूस लक्ष न देता दहा मिनिटं जिवंत राहत नाही, म्हणजे आपलं लक्ष त्यांच्यापेक्षा तयारच असणार की.

कडूनिंब:
नानांचा मुद्दा बरोबरच आहे आणि त्याचाही अभ्यास झालाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या लक्षात आलं की रडारवर बसलेली पोरं पहारा चढत जाईल तशी खुणा चुकवतात. नॉर्मन मॅकवर्थनं त्यासाठी एक घड्याळ केलं, काटा टिकटिक सरकणार आणि क्वचित कधीतरी एकदम दोन घरं उडी मारणार, ती उडी पकडायची. १९४८ मध्ये त्यानं छापलं, पहिल्या अर्ध्या तासातच लोक ढासळायला लागतात. काही घडत नसताना लक्ष टिकवणं हे फार दमवणारं काम आहे, आपल्याला ते आरामाचं वाटतं. तेव्हा रिकाम्या रस्त्यावर पहाटे कंडक्टरनं बोलणं आणि खंबाटकीच्या घाटात डीलरशी कमिशनवरून घासाघीस करणं ह्यात फरक करायलाच हवा.

तिरकस, तुमच्या मुद्द्याचं उलटं होतं. रस्ता जितका बेभरवशाचा तितकं बोलायला कमी उरतं. मोकळ्या रस्त्यावर जे चालून जाईल ते आपल्याकडे चालणार नाही.

परदेशी_पाटील:
त्याच स्ट्रेयरचा २०१० चा एक पेपर आहे. २०० जणांची चाचणी घेतली, फोनवर अवघड गणितं सोडवत गाडी चालवायची. अडीच टक्के लोक असे निघाले की त्यांच्यावर काहीच परिणाम झाला नाही. त्यांना सुपरटास्कर म्हणतात. इथे ऑफिसात हे सांगितलं तर टेबलावरच्या सगळ्यांनी मान डोलावली, प्रत्येकाला वाटलं आपलंच चाललंय.

चहाटळ:
हसून हसून पुरेवाट. साडू अडीच टक्क्यांतले आहेत, घ्या लिहून.

कडूनिंब:
ह्याला जोडून, २०१३ मध्ये त्याच गटानं बघितलं की गाडी चालवताना सर्वात जास्त फोनवर कोण बोलतं. ज्यांना दोन कामं एकावेळी सर्वात कमी जमतात तेच जास्त बोलतात असं निघालं. आणि स्वतःला सरासरीपेक्षा वरचढ समजणाऱ्यांची तर तिथे गर्दी होती.

दोन_चाकी:
इथे सगळे स्वतःच्या मर्जीनं फोनवर बोलणाऱ्यांबद्दल बोलतायत म्हणून लिहितो. मी पुण्यात जेवण पोचवायचं काम करायचो, कॉलेजला असताना. कंपनीचं नाव नको. मोबाईल हँडलला अडकवलेला असतो. ऑर्डर आली की स्क्रीनवर आकडा उलटा मोजायला लागतो, तेवढ्यात घ्यायची, नाहीतर दुसऱ्याकडे जाते आणि रेटिंग खाली. हा आकडा तुम्ही सिग्नलला उभे आहात की कर्वे रोडच्या गर्दीत चालत्या गाडीवर आहात हे बघत नाही. मग नकाशा. मग ग्राहकाचा फोन, "भैया कुठे आहात?" तो नाही उचलला तरी तक्रार. मग पत्ता "मारुतीच्या देवळाच्या मागे", देऊळ तिथे तीन.

आता मला सांगा ह्यात लक्ष विचलित झालं म्हणायचं का? माझं काम तेच होतं. रस्ता बघणं मधल्या वेळात उरकायचं. पावसाळ्यात तर स्क्रीनवर थेंब पडून आपोआप बटणं दाबली जायची, एका हातानं पुसत चालवायचं. लक्ष द्या, एकाग्रता वाढवा वगैरे सांगतात ते ठीक आहे, पण पगार ज्या गोष्टीवर आहे तिकडेच माणूस बघणार.

रेवा_के:
दोन_चाकी, हा प्रतिसाद वाचून गप्प बसले. "कुठे आहात?" असा फोन मी सर्रास करते. आता नाही करणार.

शिवथर:
हा कोन डोक्यातच आला नव्हता. साडूंचंही थोडं तसंच असावं, फोन नाही उचलला तर बॉस विचारतो. खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते वळण आठवा, पुण्याकडे येताना. तिथे पण बॉसच.

एक्सरे:
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते ह्या धाग्यासाठी. मी रेडिओलॉजिस्ट, नाशिक. माकडाचा प्रयोग आमच्यावरही झालाय आणि आमची पार इज्जत गेली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत चोवीस रेडिओलॉजिस्टना छातीचे सीटी स्कॅन दिले, गाठी शोधा म्हणून. शेवटच्या स्कॅनमध्ये फुप्फुसात गोरिलाचं चित्र बसवलं होतं, सरासरी गाठीच्या अठ्ठेचाळीस पट मोठं. चोवीसपैकी वीस जणांना दिसलं नाही. नजर टिपली होती, त्यांतल्या बहुतेकांनी थेट त्या जागेवर बघितलं होतं. पांढरा ठिपका शोधायला बसलेल्या डोळ्याला काळं माकड दिसत नाही.

आमच्याकडे रोजच्या कामात ह्याचं दुसरं भावंड भेटतं. एक दोष सापडला की शोध थांबतो. फासळी मोडलेली दिसली, रिपोर्ट लिहिला, समाधान झालं, आणि त्याच फिल्ममध्ये वर कोपऱ्यात असलेली छोटी गाठ तशीच राहते. म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही ठरलेल्या जागा लावून देतो. काहीही सापडो वा न सापडो, फिल्म खाली ठेवायच्या आधी ह्या जागा बघायच्याच: फुप्फुसांची टोकं, गळपट्टीच्या हाडामागे, हृदयाच्या सावलीमागे, छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली, आणि हाडं. "नीट लक्ष देऊन बघ" असं सांगून काही उपयोग होत नाही. तो लक्ष देऊनच बघत असतो बिचारा. कुठे बघायचं ती यादी द्यावी लागते.

लोहमार्गी:
एक्सरे साहेबांनी यादीचं लिहिलं म्हणून. मी लोको पायलट, मालगाडी, मुक्काम भुसावळ. इंजिनात आम्ही दोघं असतो, मी आणि सहाय्यक. सिग्नल दिसला की दोघांनी मोठ्यानं बोलायचं आणि हात दाखवायचा. एकानं म्हणायचं "डिस्टंट, डबल यलो", दुसऱ्यानं स्वतः बघून तेच परत म्हणायचं. नवीन पोरं सुरुवातीला लाजतात, दोघंच असताना ओरडायचं काय. पण रात्री हिरव्यामागून हिरवा, हिरव्यामागून हिरवा असं तासभर चाललं की पुढचाही हिरवाच असणार असं डोळा आधीच ठरवून टाकतो. तोंडानं म्हणायचं असलं की मग खरंच बघावं लागतं.

हे जपानी रेल्वेत फार जुनं आहे, तिथे बोट दाखवून मोठ्यानं म्हणतात, शिसा कान्को. त्यांच्या रेल्वे संशोधन संस्थेनं मोजलं होतं, नुसतं काम केलं तर शंभर कृतींमागे २.३८ चुका, बोट दाखवून बोलून केलं तर ०.३८. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतही गार्ड फलाटावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या फळीकडे बोट करतो, १९९६ पासून.

आमच्याकडे आणखी एक यंत्र असतं, व्हीसीडी, चालक जागा आहे ना ते बघणारं. मिनिटभर तुम्ही काहीच केलं नाही, म्हणजे हॉर्न नाही, ब्रेक नाही, नॉच (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) नाही, तर दिवा लुकलुकतो. बटण दाबलं नाही तर आवाज सुरू. तरी नाही दाबलं तर ब्रेक आपोआप. चांगलं यंत्र आहे, पण खरं सांगू का, सवयीच्या माणसाचं बोट डुलकीतही त्या बटणावर बरोबर जातं. जे करायला विचार लागत नाही त्यानं जाग राहत नाही. बोलायला थोडा तरी विचार लागतो.

फोन तर ड्यूटीवर बंदच. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थला लोकलचा ड्रायव्हर मेसेज पाठवत होता, लाल सिग्नल ओलांडून समोरच्या मालगाडीवर गेला, पंचवीस माणसं गेली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगतात.

निवृत्त_नाना:
लोहमार्गी, वा. आमच्याकडे डबल बेल वाजल्याशिवाय गाडी हलायची नाही, तसलंच हे.

तिरकस:
मान्य, मी माघार घेतो. निदान अर्धी. पण एक विचारतो, हे सगळं आजकाल बिघडलंय असं जे म्हणतात त्याचं काय? माणसाचं लक्ष आता सोन्या माशापेक्षा कमी, आठ सेकंद, असं व्हॉट्सॲपवर रोज येतं.

कडूनिंब:
तो आकडा बोगस आहे. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या जाहिरात विभागाच्या अहवालात तो होता, तिथे तो एका वेबसाइटवरून घेतलेला, आणि त्या वेबसाइटच्या मागे गेलं की अभ्यासच सापडत नाही. माशाचाही नाही आणि माणसाचाही नाही. तीन तासांचं नाटक आणि पाच दिवसांची कसोटी बघणारी माणसं अजून आहेत.

मोजलेलं काय आहे, तर ग्लोरिया मार्क ह्या बाईंनी ऑफिसात काम करणाऱ्यांच्या मागे बसून मोजलं. २००४ मध्ये माणूस एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकायचा, अलीकडच्या वर्षांत साधारण सत्तेचाळीस सेकंद. पण ह्याचा अर्थ लक्ष देता येत नाही असा नाही, लक्ष हलतं लवकर. आणि गंमत म्हणजे जवळपास निम्म्या वेळा कोणी हाक मारलेली नसते, फोन वाजलेला नसतो, माणूस आपणहून उठतो आणि दुसरीकडे जातो.

अर्धवट_राव:
इथे थोडं वैयक्तिक लिहितो. मला चाळिशीनंतर एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न राहण्याच्या विकाराचं, निदान झालं. शाळेत "हुशार आहे पण लक्ष नाही" हे प्रगतिपुस्तकावर दरवर्षी. लोकांना वाटतं आम्हाला लक्ष देता येत नाही. अहो रेडिओ उघडून दुरुस्त करायला बसलो की जेवण, फोन, दारावरची बेल काही कळायचं नाही, बायको शेजारी येऊन उभी राहिली तरी. आणि लाइटबिल भरायचं म्हटलं की चार वेळा उठतो. कमी-जास्तीचा प्रश्न नाहीच, कुठे लावायचं हे माझ्या हातात नसतं. डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता की बारा वर्षांच्या आधीपासून असं होतं का, कारण तसं असेल तरच हे निदान. फोनमुळे गेल्या दोन वर्षांत लक्ष लागेनासं झालंय ती वेगळी गोष्ट. जालावरच्या प्रश्नावल्या भरून घरच्या घरी ठरवू नका, आणि मुलींच्या आयांना मुद्दाम सांगतो, मुली दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात, म्हणून कित्येकींचं निदानच होत नाही.

रेवा_के:
राव, थँक्यू. मुलीच्या वर्गशिक्षिकेला दाखवते हा प्रतिसाद.

गुरुजी_सांगलीकर:
पोरांचा विषय निघालाच आहे तर. आमच्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथलं ऐकलं असेल. कोरोनात पोरांच्या हातात अभ्यासाला म्हणून मोबाईल दिले ते परत कोणी घेऊ शकेना. १५ ऑगस्ट २०२२ पासून गावानं ठरवलं, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजणार, टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा. तेवढा दीड तास पोरं अभ्यास करणार, मोठे वाचणार किंवा बोलणार.

मला ह्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की एका घराला हे जमत नाही. एका घरात बंद केलं तर पोरगं म्हणणार शेजारच्या बंड्याच्या घरी चालू आहे. आई म्हणणार माझी मालिका बुडते आणि उद्या विहिरीवर सगळ्या बोलणार ते मला कळणार नाही. सगळ्या गावाचीच बुडाली की कोणाचीच बुडत नाही. वर्गातही मी तेच बघतो. "लक्ष द्या रे" असं ओरडून पाच मिनिटं मिळतात. खिडकीकडे पाठ करून बाकं लावली की तास मिळतो.

परदेशी_पाटील:
सक्ती नाही का ही? इथे कोणी करायला गेलं तर कोर्टात जातील.

गुरुजी_सांगलीकर:
पाटील, ग्रामसभेत ठरलंय, दंड नाही. आणि जो माणूस दिवसभर पोराच्या हातात चोवीस तास चालणारं सर्कशीचं तिकीट देतो त्यानं दीड तासाला सक्ती म्हणू नये.

क्रीजबाहेर:
अवांतर, पण राहवत नाही. लहानपणी शिवाजी पार्कला सरांनी एकच शिकवलं, बॉलवरून नजर हटवू नकोस, हातातून सुटल्यापासून बॅटला लागेपर्यंत. २००० मध्ये लँड आणि मॅकलिऑड ह्या दोघांनी फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून बघितलं. कोणीच तसं करत नाही! बॉल सुटताना बघतात, मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, टप्प्यानंतर पुन्हा थोडा वेळ बॉलवर. आणि चांगल्या फलंदाजाची उडी लवकर असते, कच्च्याची उशिरा. म्हणजे चांगला खेळाडू जास्त वेळ बघत नाही, कधी आणि कुठे बघायचं ते त्याला माहीत असतं. सरांना हे सांगायची माझी अजून हिंमत नाही.

एक्सरे:
क्रीजबाहेर, अवांतर अजिबात नाही. अनुभवी रेडिओलॉजिस्टचीही नजर फिल्मवर अशीच कमी ठिकाणी थांबते. फक्त जिथे थांबत नाही तिथे माकड असतं.

शिवथर:
सगळे छान लिहितायत पण मूळ प्रश्न राहिला हो. शेजारी बसलेली बायको आणि फोनवरचा डीलर. साडूंचा रविवारी फोन आला होता, गाडीतूनच, काय म्हणतात तुमचे विद्वान म्हणून.

कडूनिंब:
सॉरी सॉरी, वाहवत गेले. ह्याचं सरळ उत्तर आहे. २००८ मध्ये युटातच हा प्रयोग झाला. मित्रांच्या जोड्या घेतल्या. काहींत मित्र शेजारी बसलेला, काहींत फोनवर. गप्पा मारत जायचं आणि आठएक मैलांवर एका विश्रांतीच्या थांब्याला गाडी वळवायची. फोनवर बोलणाऱ्यांतले निम्मे थांबा सोडून पुढे निघून गेले. शेजारी मित्र असलेल्यांत साधारण आठांत एक चुकला.

कारण शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर ट्रक आडवा आला की तो बोलायचा थांबतो, किंवा विषयच रस्त्यावर आणतो, "अरे हा बघ कसा घुसतोय." अवघड जागा आली की दोघांचंही बोलणं आपोआप तुटक होतं. डीलरला ह्यातलं काही दिसत नाही, तो कमिशनचं बोलतच राहतो आणि गप्प बसलं तर "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" करतो.

निवृत्त_नाना:
शंभर टक्के. कंडक्टर घाट आला की आपला गप्प व्हायचा. त्याला सांगावं लागलं नाही कधी.

चहाटळ:
सगळ्या बायकांना रस्ता दिसून गप्प बसता येतं असं गृहीत धरलंय का? मी तर रस्ता बघून जास्त बोलते. "ब्रेक, ब्रेक, ब्रेक."

लोहमार्गी:
ताई, तुम्ही सहाय्यक लोको पायलट आहात.

परदेशी_पाटील:
विमानात ह्यावर नियमच आहे. १९७२ च्या डिसेंबरात मायामीजवळ ईस्टर्न कंपनीचं विमान पडलं, चाकं खाली आली का हे दाखवणारा एक छोटा दिवा लागत नव्हता म्हणून कॉकपिटमधले सगळे त्या दिव्यात गुंतले, ऑटोपायलट सुटलेलं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत गेलं. १०१ माणसं गेली. विमान बाकी ठीक होतं. आणि १९८१ पासून अमेरिकेत दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय अवांतर बोलायलाच बंदी आहे.

शिवथर:
हे साडूंना पटेल असं वाटतंय, विमानाचं म्हटलं की त्यांना आवडतं. त्यांना सुचवतो, घाट आणि शहर आलं की फोन नाही, आणि बॉसला आधीच मेसेज की सात ते नऊ गाडी चालवतोय. बॉसनं ऐकलं तर उरलेलं होईल. धन्यवाद मंडळी.

रेवा_के:
एक कळवायचं राहिलं. लोहमार्गींचं वाचून मी घर सोडताना बोट दाखवून मोठ्यानं म्हणायला लागले, "गॅस बंद, गिझर बंद, कुलूप लावलं." काल जिन्यात समोरच्या काकू उभ्या होत्या, त्यांनी विचारलं कोणाशी बोलतेस.

तिरकस:
छान. आता सगळ्या बिल्डिंगला कळलं की घरात कोणी नाही.

रेवा_के:
:) मनातल्या मनात म्हटलं तर चालेल का लोहमार्गी?

लोहमार्गी:
नाही चालत. मनातल्या मनात माणूस काहीही म्हणतो. काकूंना सांगा रेल्वेचा नियम आहे.